बाबांना आईजवळच जागा हवी आहे, खर्चाचा अंदाज कसा बांधू?

"बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आई नऊ वर्षांपूर्वी गेली. तिचं दफन झालं तिथेच, तिच्याजवळ आपल्यालाही ठेवावं असं ते हल्ली वरचेवर म्हणतात. मी दफनभूमीच्या कार्यालयात चौकशी केली तेव्हा त्यांनी एका जागेचा दर तोंडी सांगितला. ओळखीतल्या एका कुटुंबाला मात्र प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट खर्च आला म्हणे. धाकटा भाऊ म्हणतो, हप्त्यांची एक आगाऊ योजना आहे, दर वाढायच्या आत घेऊन टाकू. बहीण म्हणते, माणूस चालताबोलता असताना असले हिशेब मांडणं अभद्र आहे. आईच्या वेळचा एक कागद बाबांच्या कपाटात सापडलाय, पण मला त्यातलं फारसं कळत नाही. नेमका खर्च किती धरायचा? पैसे आधी भरावेत का? आणि बहिणीला काय सांगू?"

— एक मुलगी

प्रिय ताई,

कपाटात सापडलेल्या कागदाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. तो कागद नीट वाचल्याशिवाय कुणीही सांगितलेला आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. म्हणून आधी कागद, मग पैसे.

आपण दफनभूमीत जागा 'घेतली' असं म्हणतो, तरी बहुतेक ठिकाणी ती जमीन आपल्या नावावर होत नसते. ती दफनभूमी चालवणाऱ्या संस्थेचीच राहते. आपल्याला मिळतो तो त्या ठरावीक जागेत दफन करण्याचा हक्क, आणि त्या हक्काला मुदत आणि अटी असतात. तेव्हा कागदावर आधी चार गोष्टी शोधा: हक्क कुणाच्या नावावर आहे, किती वर्षांसाठी आहे, त्या जागेत किती दफनं करायला परवानगी आहे, आणि जागेचा नोंदणी क्रमांक काय आहे. शेवटचा क्रमांक क्षुल्लक वाटेल, पण कार्यालयातल्या रजिस्टरमध्ये आईची नोंद चटकन सापडते ती त्याच्यामुळे.

आता एक प्रश्न असा, जो तुम्ही विचारलेला नाही, पण तुमचा निम्मा हिशेब त्याच्यावर ठरेल. आईची कबर किती खोल खोदली होती? अनेक दफनभूमींमध्ये पती-पत्नीसाठी पहिल्याच वेळी कबर दुप्पट खोल खोदतात, म्हणजे पुढे दुसरी पेटी पहिलीच्या वर ठेवता येते. तसं असेल तर बाबांसाठी नवी जागा घ्यायचीच गरज नाही. कबर पुन्हा उघडण्याचा आकार (म्हणजे शुल्क), वरचा दगड काढून परत बसवण्याची मजुरी आणि दगडावर नवं नाव कोरण्याचा खर्च, एवढ्यावर भागेल. पहिली कबर उथळ खोदली असेल तर मात्र तिच्यावर दुसरी पेटी बसणार नाही. हा कुणाच्या मर्जीचा भाग नसतो, मापाचा असतो. उदाहरण म्हणून इंग्लंडचा नियम पाहा. तिथल्या स्थानिक संस्थांच्या दफनभूमींना लागू असलेल्या १९७७ च्या आदेशानुसार एकाच कबरीतल्या दोन पेट्यांमध्ये किमान ६ इंच मातीचा थर हवा, आणि वरच्या पेटीचा माथा जमिनीच्या पातळीखाली किमान ३ फूट हवा. माती योग्य असेल तर २ फुटांपर्यंत सूट मिळते. प्रत्येक ठिकाणचं माप वेगळं असेल, पण हिशेब याच पद्धतीचा असतो. दफनाच्या रजिस्टरमध्ये खोलीची नोंद बहुधा असते. कार्यालयात जाऊन विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. तुम्हाला जो दर तोंडी सांगितला तो नव्या जागेचा होता की आईच्या कबरीतल्या दुसऱ्या दफनाचा, हेही त्याच वेळी स्पष्ट होईल. माझा अंदाज असा की तुम्ही 'जागा' असा शब्द वापरलात आणि त्यांनी नव्या जागेचा दर सांगितला.

खोलीबरोबर मुदत बघायची. ती सगळीकडे सारखी नसते, आणि फरक थोडाथोडका नाही. इंग्लंडमध्ये त्याच १९७७ च्या आदेशानुसार असा हक्क एका वेळी जास्तीत जास्त १०० वर्षांसाठी देता येतो. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी तो २० ते ३० वर्षांचा असतो आणि कौटुंबिक कबरीसाठी पैसे भरून वाढवावा लागतो. सिंगापूरने १९९८ पासून दफनाची मुदत १५ वर्षांवर आणली. हाँगकाँगच्या सरकारी दफनभूमींमध्ये पेटीतल्या दफनाला ६ वर्षं मिळतात, त्यानंतर कुटुंबाने अवशेष काढून घ्यायचे असतात. हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच की 'कायमची जागा' हे शब्द तोंडी ऐकून विश्वास ठेवू नका. कागदावर वर्षं लिहिलेली असतात, तीच खरी.

आणि इथेच एक खर्च दडून बसलेला असतो, जो कुणी आपण होऊन सांगत नाही. समजा आईच्या जागेची मुदत तीस वर्षांची होती आणि त्यातली नऊ संपली. बाबांचं दफन त्याच जागेत व्हायचं तर अनेक ठिकाणी नियम असा असतो की दुसऱ्या दफनाला पूर्ण मुदत मिळायला हवी, म्हणजे जेवढी वर्षं कमी पडतात तेवढ्यांचे पैसे भरून हक्क वाढवून घ्यायचा. जर्मनीत असंच चालतं. नातेवाईक धरून चालतात की जागा तर आपलीच आहे, फक्त खोदाईचे पैसे द्यायचे, आणि ऐन वेळी मुदतवाढीची रक्कम समोर येते. तुमच्या ओळखीतल्या कुटुंबाचं नेमकं काय झालं ते मला पत्रावरून सांगता येणार नाही, पण सांगितलेला दर आणि झालेला खर्च यांत एवढी तफावत पडते, तेव्हा त्यामागे मुदतवाढ, खोदाई आणि दगड यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा असतं.

हक्क कुणाच्या नावावर आहे याला मी एवढं महत्त्व का देतोय, तेही सांगतो. तो बाबांच्या नावावर असेल तर त्यांच्या स्वतःच्या दफनाला सहसा अडचण येत नाही. अडचण येते नंतर. हक्कधारकच गेला की त्या कबरीवरच्या दगडाला हात लावायला, नाव कोरायला, पुढे काहीही करायला नव्या हक्कधारकाची सही लागते, आणि नाव बदलायला वारसाचे दाखले, बाकी वारसांची संमती, काही ठिकाणी प्रतिज्ञापत्र आणि वेगळी फी. बाबा असताना हेच काम एका अर्जावर आणि त्यांच्या सहीवर होऊ शकतं. कार्यालयात विचारा की हक्कात दुसरं नाव जोडता येतं का, किंवा वारसाचं नाव आधी नोंदवता येतं का. येत असेल तर या महिन्यातच करून घ्या. तिन्ही भावंडांपैकी कुणाचं नाव लावायचं यावर मात्र तिघांनी आधी बोला, कारण ज्याच्या नावावर हक्क, त्याच्याकडेच पुढची बिलंही येतात.

आता आकड्यांकडे. मी तुम्हाला एक रक्कम सांगणार नाही, कारण ती जागेगणिक बदलते. त्याऐवजी खर्च कसा मांडायचा ते सांगतो. बहुतेक लोक वस्तूंची यादी करतात: जागा, पेटी, दगड. मला त्यापेक्षा वेळेप्रमाणे मांडणी जास्त उपयोगी वाटते, कारण पैसे कधी लागणार हे कळलं की ते कुठून येणार हे ठरवता येतं. कागदावर चार रकाने आखा: आज, त्या दोन-तीन दिवसांत, त्यानंतरच्या वर्षभरात, आणि दर वर्षी.

'आज'मध्ये नवी जागा घ्यायची असली तर तिचा दर, नसली तर फक्त नाव बदलण्याची फी.

'त्या दोन-तीन दिवसांत' हा रकाना सगळ्यात जड असतो, आणि तो भरताना माणसं सगळ्यात हळवी असतात. कबर खोदणं आणि बुजवणं याचा आकार जागेच्या दरात धरलेला नसतो. तो वेगळा असतो, आणि दफनाच्या वेळच्या दराने घेतला जातो, जागा घेतली त्या वेळच्या नाही. तो सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी उशिरा अनेक ठिकाणी वाढतो; काही कार्यालयं ठरलेल्या वेळेपेक्षा अंत्ययात्रा उशिरा पोहोचली तरी जादा आकार लावतात. त्या हद्दीत न राहणाऱ्यांसाठी दर वेगळा आणि कितीतरी जास्त असू शकतो. बाबा सध्या तुमच्यापैकी कुणाकडे दुसऱ्या गावी राहत असतील तर हा मुद्दा दुर्लक्षू नका: ते आधी त्याच हद्दीत राहत होते याचा पुरावा चालतो का, हे विचारा. मग पेटी, शव आणण्या-नेण्याची गाडी, गरज पडली तर शीतपेटीतले दिवस, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, धर्मविधीसाठी द्यायची दक्षिणा किंवा देणगी. हे शेवटचे खर्च छोटे दिसतात, पण सगळे रोखीत आणि एकाच वेळी येतात.

पेटीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे भावनेच्या भरात पैसे सर्वाधिक जातात. महागडी, हवाबंद झाकणाची पेटी शरीर टिकवून ठेवते असं सुचवलं जातं. ते खरं नाही. कुठलीही पेटी शरीराचा क्षय थांबवत नाही. रसायनं टोचून शव टिकवण्याची प्रक्रियाही दफन दोन-तीन दिवसांत व्हायचं असेल तर सहसा आवश्यक नसते. शव दूरच्या प्रवासाला न्यायचं असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. काही दफनभूमी पेटीभोवती जमिनीत बसवायचा काँक्रीटचा खोका सक्तीचा करतात. त्याचं कारण शरीराशी नाही, जमिनीशी आहे: पेटी कुजली की वरची माती खचते, खड्डा पडतो, शेजारचे दगड कलतात, आणि हिरवळ सपाट ठेवणं अवघड होतं. तुमच्या दफनभूमीत ही अट आहे का ते नियमावलीत पाहा. नसेल तर तो खोका विकत घ्यायचं कारण उरत नाही. असेल तर आणखी एक प्रश्न लगेच येतो: आईच्या वेळी तो बसवला होता का, आणि त्यावर दुसरी पेटी बसते का?

साधी पेटी निवडली म्हणून बाबांचा मान कमी होईल असं तुमच्यापैकी कुणालाही वाटू देऊ नका. मी हे कळकळीने सांगतोय, कारण त्या वेळी समोर नमुने मांडून 'तुमच्या वडिलांना साजेशी' असं कुणी म्हटलं की नाही म्हणण्याची ताकद घरातल्या एकाच्याही अंगात नसते. निर्णय आधी झालेला असेल तर त्या वेळी फक्त कागद दाखवायचा.

'वर्षभरात'चा रकाना म्हणजे दगड. ताज्या कबरीची माती बसायला वेळ लागतो. साधारण सहा महिने ते वर्षभर थांबून दगड बसवावा असा सल्ला अनेक दफनभूमी देतात, नाहीतर तो कलतो. तुमच्यासाठी ही सोयीची गोष्ट आहे, कारण हा खर्च त्या दोन-तीन दिवसांवर पडत नाही. दगडाच्या दरात बसवण्याची मजुरी, परवानगीची फी आणि कोरीव अक्षरांचा आकार धरलेला आहे की वेगळा, हे विचारा. कोरणावळ बऱ्याच ठिकाणी अक्षरांवर असते. दगडाची उंची, जाडी, रंग यांवर दफनभूमीचे नियम असतात. कारागिराकडे आगाऊ रक्कम भरण्याआधी ते बघून घ्या, कारण नियमाबाहेरचा दगड परत न्यावा लागतो आणि ते पैसे बुडतात. आईच्या दगडावर खाली जागा सोडलेली असेल तर फक्त ओळी वाढवायच्या, फार थोडक्यात काम होतं. पुढच्या वेळी तिकडे गेलात की मोजपट्टी घेऊन जा.

'दर वर्षी'मध्ये देखभाल. काही ठिकाणी ती जागेच्या दरातच घेतलेली असते: रकमेचा एक भाग वेगळ्या निधीत टाकतात आणि त्याच्या व्याजातून गवत, वाटा, कुंपण यांचं बघतात. काही ठिकाणी वार्षिक वर्गणी असते आणि ती थकली तर हक्कावर परिणाम होऊ शकतो. आईच्या जागेची गेल्या नऊ वर्षांची वर्गणी कुणी भरत होतं का? थकबाकी असेल तर ती आत्ताच मिटवा. अशा थकबाकीमुळे दफनाच्या दिवशी कार्यालयात वाद झाले, तर ते घरच्यांच्या मनातून वर्षानुवर्षं जात नाहीत. सामाईक देखभालीत कबरीवरच्या दगडाची दुरुस्ती सहसा येत नाही, ती कुटुंबाची जबाबदारी असते, हेही लक्षात असू द्या.

हे चार रकाने भरायला लेखी दरपत्रक लागतं, आणि ते मागायला संकोच करू नका. अमेरिकेत १९८४ पासून असा नियम आहे की अंत्यसंस्काराची सेवा देणाऱ्याने प्रत्येक बाबीचा वेगळा दर लेखी दिला पाहिजे, फोनवर विचारलं तरी सांगितला पाहिजे, आणि बाहेरून आणलेली पेटी नाकारता कामा नये. त्या नियमातही एक पळवाट राहिली आहे: फक्त जागा विकणाऱ्या दफनभूमींना तो लागू होत नाही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून अंत्यसंस्कार सेवा देणाऱ्यांना ठरलेल्या नमुन्यातलं दरपत्रक लोकांना दिसेल असं लावावं लागतं. असे नियम मुळात करावे लागले, याचा अर्थ एकत्रित रक्कम सांगून आत काय आहे ते न सांगण्याची रीत सगळीकडे होती. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, तुम्ही मागा. कार्यालयात आज चालू असलेलं दरपत्रक आणि मिळाली तर गेल्या पाच वर्षांची जुनी दरपत्रकं बघा. दर किती वेळा आणि साधारण किती प्रमाणात वाढले हे त्यातून दिसेल, आणि पुढच्या वाढीचा अंदाज तुम्हाला स्वतःलाच बांधता येईल. त्यावर थोडी जादा रक्कम धरा, आणि दर वर्षी नवं दरपत्रक आलं की रकाने दुरुस्त करा.

आता भावाच्या योजनेकडे येतो. दर वाढायच्या आत बांधून घ्यावेत, हा त्याचा विचार चुकीचा नाही. पण 'आधी पैसे भरणं' यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक, दफनभूमीकडून जागेचा हक्क किंवा मुदतवाढ थेट घेणं. दुसरी, एखाद्या संस्थेच्या योजनेत हप्ते भरणं, ज्यात ती संस्था पुढे कधीतरी सेवा देईल असं वचन देते. पहिली गोष्ट, नवी जागा लागणारच असेल आणि आईशेजारची जागा मोकळी असेल, तर मी आजच करावी असं म्हणेन. कारण दराचा नाही, जागेचा आहे: शेजारची जागा एकदा गेली की कितीही पैसे देऊन ती परत मिळत नाही, आणि बाबांची इच्छा जवळ असण्याची आहे.

दुसऱ्या गोष्टीबाबत मी सावध आहे. भावाला सांगा, सही करण्याआधी योजनेच्या कागदावर काही उत्तरं सापडली पाहिजेत. भरलेला पैसा कुठे ठेवला जातो: त्रयस्थ विश्वस्तांकडे, विमा कंपनीकडे, की त्याच संस्थेच्या चालू खात्यात? संस्था बंद पडली तर पैसे कोण परत देणार? सेवेची हमी आहे, की फक्त रकमेची? म्हणजे उद्या खर्च वाढला तर फरक संस्था सोसणार की तुम्ही? हप्ते पूर्ण होण्याआधी बाबा गेले तर काय? बाबांचं राहण्याचं गाव बदललं तर योजना तिकडे चालते का? मधेच सोडली तर किती कापतात? आणि मुख्य म्हणजे, दफनभूमीचे आकार त्यात धरलेले आहेत का? अनेक योजनांत सेवा देणाऱ्याचा खर्च असतो, पण खोदाई, जागा, दगड हे 'तिसऱ्याचे खर्च' म्हणून बाहेर ठेवलेले असतात. दफन करायचं असलेल्या कुटुंबासाठी तर तोच मोठा वाटा असतो. ब्रिटनमध्ये अशा आगाऊ योजनांवर आर्थिक नियामकाचं नियंत्रण २९ जुलै २०२२ पासून आलं, त्याआधी तिथेही ते नव्हतं. तुमच्या ठिकाणी नियामक कोण आहे आणि ही संस्था त्याच्याकडे नोंदलेली आहे का, हे भावाने स्वतः तपासावं, विकणाऱ्याच्या सांगण्यावरून नाही.

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'बघू, होईल' असं आलं तर योजना सोडा आणि तोच हप्ता तुम्ही तिघांनी वेगळ्या खात्यात टाका. ते खातं एकट्या बाबांच्या नावावर नको. माणूस गेला की त्याच्या नावावरचं खातं व्यवहारापुरतं थांबतं, आणि नेमके त्याच दिवसांत पैसे हवे असतात. बाबा आणि तुमच्यापैकी एक, असं संयुक्त खातं, ज्यात दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील, ते बरं. जे पुढे खर्च करतील त्यांच्या पावत्या जपून ठेवा. अंत्यसंस्काराचा वाजवी खर्च मृताच्या मालमत्तेतून आधी वसूल व्हावा, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यांत आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३२० मध्ये तो इतर सगळ्या कर्जांच्या आधी द्यावा असं म्हटलं आहे. पण वसूल होणं नंतरचं; त्या दिवशी ज्याने फॉर्मवर सही केली, बिल त्याच्याच नावावर फुटतं. सही कुणी करायची हेही तिघांनी ठरवून ठेवा, नाहीतर जो सगळ्यात आधी पोहोचतो त्याच्यावर ते ओझं पडतं.

पैशाची ओढाताण असेल तर तेही आधीच बोलून दाखवा. स्थानिक प्रशासन, धर्मसंस्था, नोकरीच्या ठिकाणचे कल्याण निधी यांच्याकडून मदत मिळू शकते, पण अर्जाला मुदत असते, आणि काही ठिकाणी खर्च करण्याआधीच अर्ज द्यावा लागतो.

राहिली बहीण. तिला तुम्ही हा सगळा हिशेब दाखवू नका, निदान आधी नको. तिचा विरोध आकड्यांना नाही. बाबा जाणार हे मान्य करण्याला आहे, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. पण एक गोष्ट तिच्या नजरेला आणून द्या: हा विषय तुम्ही काढलेला नाही, बाबांनी काढला आहे. ते वरचेवर बोलतात आणि घरात कुणी उत्तर देत नाही. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला वाटतं की आपण मुलांना त्रास देतोय, आणि मग तो बोलायचं थांबवतो. तिला सांगा, आपण बाबांशी एकदा बसून बोलू, पैशांविषयी नाही, त्यांना काय हवंय त्याविषयी. तिनेच विचारलं तर फार चांगलं. 'जवळ' म्हणजे त्यांना आईच्याच कबरीत हवं आहे, की शेजारी? दगडावर काय असावं? कुणाला आवर्जून बोलवावं? कदाचित त्यांना दगडाचं काहीच वाटत नसेल आणि एखाद्या छोट्याशा गोष्टीचं फार वाटत असेल, जिचा तुमच्या हिशेबात पत्ताही नाही. मी तर म्हणेन, दफनभूमीच्या कार्यालयात परत जाण्याआधी हे बोलणं होऊ द्या, कारण त्यांच्या उत्तरावर कुठला रकाना भरायचा ते ठरणार आहे.

बोलणं झालं की ते म्हणाले तसं, त्यांच्याच शब्दांत, एका पानावर लिहा. त्यांची सही घ्या, तारीख घाला. हक्काचा कागद, दरपत्रक आणि हे पान यांच्या प्रती तिन्ही भावंडांकडे असू द्या. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये टाकू नका, विशेषतः लॉकर एकट्या बाबांच्या नावावर असेल तर. ते घरातच, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा.